ओलं गवत

साताऱ्यात फौजी निवृत्त होतो, त्याचा हुद्दा होत नाही. माझा गुडघा त्यापायीच गेला.

भरतीच्या तयारीसाठी मी पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून उडी मारायला शिकत होते. शिकवणारे निवृत्त हवालदार रोज बजावायचे, "गुडघं वाकवून उतर, पोरी. पाय वाकत गेलं की धक्का हळूहळू जिरतो, मांड्या तो झेलत्यात. ताठ पायावर उतरलीस तर सगळा एकदम हाडावर बसतो."

एके दिवशी वडील बघायला आले. ते निवृत्त सुभेदार, हुद्द्याने हवालदारांच्या वरचे. सगळी नोकरी फौजेच्या कपड्यांच्या स्टोअरात झालेली, पण ते त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? एक उडी मारून मी पुन्हा भिंतीवर चढले तशी त्यांनी आरोळी ठोकली, "बेडकागत काय उतरतीस? ताठ उतर! सुभेदाराची पोरगी हायस तू!"

मी हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "साहेब म्हणत्यात तसं कर."

मी ताठ उतरले. गुडघ्यातून कडकन आवाज आला.

सांगलीला ऑपरेशन झालं. भरतीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. आता पंगतीत सगळे खाली बसतात आणि मी एकटी खुर्चीवर. कोणी विचारलंच, तर माझ्याआधी वडील उत्तर देतात, "ओल्या गवतावरनं पाय घसरला पोरीचा." हवालदार समोर असले तर तेही मान डोलावतात.

भर उन्हाळा होता. त्या मैदानावर गवताची काडीसुद्धा नव्हती.