सुईचं नेढं

सुईत दोरा ओवायला मला लेक लागते, हे दोन वर्षं मी कोणालाही कळू दिलं नाही. कॉलेजला जायच्या आधी ती आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. आठव्या सुईचा दोरा संपला की माझं काम बंद. मग "आज पाठ धरलीय" असं शेजारणींना सांगून मी उंबऱ्यात गप्पा मारत बसायचे. विश्रांतवाडीतल्या आमच्या गल्लीत साडीला फॉल लावावा तर मीच, असं नाव होतं, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही हा स्वभाव. चष्मा म्हणजे म्हातारपण. बेचाळिसाव्या वर्षी मी काही म्हातारी नव्हते.

मग सदाशिव पेठेतल्या साड्यांच्या दुकानातून मी फॉल लावलेली एक इरकल साडी परत आली. फॉलला झोळ पडला होता, टाके कुठे दाट, कुठे विरळ. दुकानाचे मालक म्हणाले, "सोमवारपर्यंत नीट करून आणा. जमत नसेल तर तसं सांगा, दुसऱ्या बाई आहेत आमच्याकडे."

अठरा वर्षं मी त्यांचं काम करत होते. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले तेव्हा कानशिलं तापली होती. राग त्यांचा नव्हता, माझा मलाच आला होता. ते काम मी हातचं जाऊ देणार नव्हते.

आमच्या अंगणवाडीत त्या दिवसांत फुकट वाटायच्या, जवळचं दिसायच्या चष्म्यांचं खोकं आलं होतं. डॉक्टर नाही, मशीन नाही. आपले डोळे आपणच तपासायचे. एक कार्ड आणि त्याला बांधलेली दोरी. दोरीच्या टोकाची गाठ डोळ्याखालच्या हाडाला टेकवायची, दोरी ताणून कार्ड समोर धरायचं आणि वरच्या ओळीपासून वाचत खाली यायचं. जिथे अडकाल, त्या ओळीपुढे लिहिलेल्या नंबरचा चष्मा खोक्यातून घ्यायचा. सेविकाताई मदतीला उठल्या, तर मी म्हटलं, "राहू द्या. मापं घेण्यातच जन्म गेलाय माझा."

एक नंबरचा चष्मा निघाला. ऐटीत घरी आणला, सुई धरली. नेढं दिसलं, पण धुरकट. दोरा पाच वेळा बाजूने गेला. चष्मा फेकणारच होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "फुकटच्या चष्म्यातून काय दिसणार, कप्पाळ!" त्या असं म्हणाल्या म्हणून तर फेकला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि सेविकाताईंना समोर बसवलं. "मी कुठे चुकते, तेवढं बघा." त्यांनी बघितलं आणि हसायलाच लागल्या. "अहो, गाठ गालाला टेकवा ना! चार बोटं पुढे कशाला धरलीय?"

मला खरंच कळलं नव्हतं. कापड बेतताना शिवणीसाठी जास्तीची माया सोडायची, ही हाताची सवय. हाताने दोरीलाही माया सोडली होती. कार्ड तेवढं लांब गेलं, लांबचं मला दिसतच होतं, आणि नंबर कमी निघाला. हसू आलं, लाजही वाटली. मग गाठ हाडाला घट्ट दाबली. मधल्याच ओळीला अक्षरं विरघळली, आणि पहिल्यांदाच मी मोठ्याने म्हटलं, "नाही दिसत."

दीडचा चष्मा निघाला.

घरी येऊन इरकलीचा सगळा फॉल उसवला. लेकीने ओवलेल्या सुयांना हात लावला नाही. डबीतून नवी सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं. तिसऱ्या खेपेला दोरा नेढ्यातून पार गेला. डोळे भरून आले, आणि चष्मा पुसून पहिला टाका घातला.

सोमवारी मालकांनी काठ उलटा करून टोकापासून टोकापर्यंत पाहिला. आतून आणखी चार साड्या आणून त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या. मग म्हणाले, "हा फॉल तुम्हीच लावलात ना? की दुसऱ्या कोणाकडून?"

"मीच," मी म्हटलं. "आणि या वेळी सुईसुद्धा मीच ओवली."