सातवं पृष्ठ

सरांनी पुठ्ठ्याचा घन माझ्यासमोर धरला. "पृष्ठं किती?"

"सात," मी म्हणाले.

हशा पिकला. सरांनी तो पुरता पिकू दिला. मग म्हणाले, "सातवं कुठून आणलंस? सारसोळ्याच्या खाडीतून?"

खरंच तिथूनच, माझ्या गावातूनच आणलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. आधीच्या तासाला सरांनी शिकवलं होतं, कागदावर रेषांची आकृती काढली की आतल्या बंद जागा मोजायच्या आणि बाहेरची मोकळी जागाही एक धरायची. बाकीच्यांना ते विचित्र वाटलं. मला नाही. आमच्या मिठागरात तसंच होतं. दोन वाफ्यांमधला बांध दोन्हीकडच्यांनी अर्धा अर्धा दुरुस्त करायचा. कडेच्या बांधाचा अर्धा वाटा खाडीच्या नावावर. तो सगळ्यांनी मिळून उचलायचा. बाबा म्हणायचे, "बाय, भायेरचं पानी मोजलं नाय तर बांद फुटंल."

मी कॉलेजात जाण्याआधीच मिठागराची जमीन नव्या शहरासाठी गेली. बाबा तिथल्याच एका सोसायटीत वॉचमन झाले.

पुस्तकात पहिल्यांदाच आमचं काही सापडलं होतं. त्या आनंदात मी पुठ्ठ्याच्या घनालाही 'बाहेर' जोडलं. चूक माझीच.

पण त्या दिवसापासून सर मला हजेरीतही "सात नंबर" म्हणू लागले. मी "यस सर" म्हणायचे. कित्येक महिने म्हटलं. त्याची लाज अजून वाटते. बाबा विचारायचे, "सर नावानं वलखतान का तुला?" मी "हो" म्हणायचे.

सेमिनारसाठी विषय मागायला गेले. सर म्हणाले, "तू घन धरून उभी राहा. तेवढं जमेल."

धरला. एका मुलाने फळ्यावर घन सपाट करून काढला. मोठा चौकोन, आत लहान, कोपरे जोडलेले. आत पाच जागा. "बाहेरची सहावी."

मागून कोणी विचारलं, "ती म्हणजे घनाचं कुठलं पृष्ठ?"

"तळाचं. तेच बाहेर जातं."

"कुठलंही जातं," माझ्या तोंडून निघालं.

"सात नंबर, गप्प," सर म्हणाले. "धरून उभी राहा."

मी घन टेबलावर ठेवला. खडू घेतला. तळाचं पृष्ठ आत घेतलं, वरचं बाहेर काढलं. मग डावं. दर वेळी जागा सहाच. प्रत्येकाचे शेजारी तेच. बाहेर असणं कुठल्याच पृष्ठाच्या अंगात नसतं. आकृती काढणारा ते ठरवतो. काढताना मला सोसायटीच्या गेटबाहेरची बाबांची खुर्ची दिसत होती.

"झालं? बस आता, सात नंबर."

"नाव घ्या, सर. मग बसते."

सरांनी हजेरीपट उघडला. मिटला. तास संपेपर्यंत मी उभी होते. नाव त्यांनी घेतलं नाही. सेमिनारचे गुणही दिले नाहीत.

घरी जाऊन बाबांना सगळं खरं सांगितलं. ते जमिनीकडे बघत राहिले. मला ते बघवेना.

ठरवलं ते तेव्हाच. जो माझं नाव घेणार नाही, त्याला ओ द्यायची नाही. गुण गेले. पुढे एक नोकरीही गेली. अजून एखादी जाईल. ओ देणार नाही.