तासाभराची वाट

नवरा गेला त्या सकाळी मला रडायला सवडच मिळाली नाही. आधी भांडावं लागलं.

धाकटा दीर गारगोटीहून गाडी घेऊनच उचगावला आला. मागं भावकीतले चौघंपाच. दारातूनच म्हणाला, "वैनी, दादाला चंदगडला न्यायचं. घरच्या मातीत. आई वाट बघतीया."

मी म्हटलं, "न्हाय."

लग्नानंतर आम्ही दोघांनीही बहाई धर्म घेतला, ते भावकीला कधीच पचलं नाही. आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात. आणि जिथं गेला तिथून तासाभराच्या वाटेपलीकडं नेत नाहीत. चंदगड म्हणजे घाटाघाटातनं तीन तासांची वाट. आजारपणात नवऱ्यानं मला बजावलं होतं, "माझ्या माघारी ओढाओढ करतील. तू ढळू नको." आता त्याचा शब्द राखायला घरात मी एकटीच होते.

"आमच्यात असं नेत न्हाईत," मी म्हटलं.

"आमच्यात म्हंजे कुणाच्यात?"

"त्यांच्यात आणि माझ्यात."

चुलत सासरे गरजले, "अंगणात पोरं बाटवतीस, आता मढं बी बाटवतीस व्हय गं?"

माझं डोकंच फिरलं. दर रविवारी आमच्या अंगणात गल्लीतली पोरं बसतात. प्रार्थना म्हणतात, गाणी म्हणतात, खरं बोलायला शिकतात. फौंड्रीतली पाळी संपवून आलेला नवरा त्यांच्यात मांडी घालून बसायचा, चिरमुरे वाटायचा. कुणाचं नाव बदललं नाही की कुणाचा देव सोडवला नाही. मी म्हटलं, "दारात गल्लीतल्या बायका उभ्या हायत. विचारा की त्यास्नी, कुणाचं पोर बाटलं!"

बायका एकेक करत मागं सरकल्या. त्या मागं सरकण्याचा मला आजही राग येतो. बोलले ते शेजारचे लिंगायत काका. "काय पावणं, एवढा कशाला दंगा? आमच्यात बी पुरत्यातच की! माझ्या रानाच्या बांधाला जागा घ्या."

दीर पायरीवर टेकला. "मग आईनं त्याचं तोंड कवा बघायचं?"

खरं दुखणं ते होतं. माझाही जीव कळवळला, पण शब्द म्हणजे शब्द. "भाऊजी, त्यांना न्यायचं न्हाय, आईंना आणायचं. गाडी हाय की! जावा. आई येईतोवर मी त्यांना हितनं हलवू देत न्हाय."

तो गेला. कोल्हापुरातल्या आमच्या बहाई मंडळींनी तोवर नवऱ्याला अंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं. चेहरा तेवढा उघडा ठेवला.

उन्हं उतरताना सासूबाई आल्या. लेकाच्या गालावरून हात फिरवत बसल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

निघायच्या वेळी चुलत सासऱ्यांनी पुन्हा फर्मान काढलं, "बायकांनी घरात थांबायचं." आता आमच्यात भटजी नाही, पुजारी नाही. मृतासाठीची प्रार्थना एकानं म्हणायची, बाकीच्यांनी उभं राहायचं. म्हणणारी मी. मग घरात थांबून कसं चालेल? पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढं चालायला लागले. बांधाजवळ वळून बघते तर सासूबाई काठी टेकत मागनं येत होत्या. त्यांना अडवायची कुणाची टाप नव्हती.

प्रार्थना लांब आहे. मध्येच रडू फुटलं, डोळ्यांसमोरचं काही दिसेना. तरी थांबले नाही.

घरी आल्यावर सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"मला मातूर जाळायचं," त्या भावकीला म्हणाल्या. "माझी रीत माझ्यापाशी. पर त्या वक्ताला ही बया घरात बसायची न्हाय. हिनं माझ्या उशाला हुभं ऱ्हायाचं आन असंच म्हणायचं. कोण आडवं आलं, तर मी उठून बसीन!"