हौशीरामभाऊंचा पास

लोणावळ्याजवळच्या औंढ्याचे हौशीराम केदारी रेल्वेत इंजिनचालक होते, पण गाडी त्यांनी पुढून कधी ओढली नाही. मुंबईकडून आलेली गाडी कर्जतला थांबली की तिच्या शेपटाला जादा इंजिनं जोडतात. ती घाटभर गाडीला मागून रेटतात आणि लोणावळ्याला सुटी होतात. त्यांना बँकर म्हणतात. भाऊंची सगळी नोकरी या बँकरवर गेली. चेन्नईची, हैदराबादची, भुवनेश्वरची अशा किती गाड्या त्यांनी घाटावर चढवून दिल्या आणि आपण आल्या वाटेने परत कर्जतला उतरले. मेलगाडीवर जायची बढती दोनदा चालून आली, दोन्ही वेळा त्यांनी हात जोडले. घरी थकलेले वडील होते, इंद्रायणी भाताची खाचरं होती. ड्यूटी संपली की घरच्या चुलीवरची भाकरी मिळते, हे सुख त्यांना सोडवलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घालून ते उठले आणि म्हणाले, "आजवर लोकांना काशी-रामेश्वर घडवलं. आता आमी निघालो."

आणि खरंच निघाले. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांना फुकट प्रवासाचा पास मिळतो. भाऊंनी पहिलाच पास काढला तो थेट तिरुचिरापल्लीचा. का, तर नाव उच्चारायला मजा येते म्हणून. बरोबर रतनबाई होत्या. या बाईंनी जन्मभर चिखलात वाकून भात लावलेलं, त्यामुळे अंगावर चरबी औषधालाही नव्हती. भाऊंचं बरोबर उलटं होतं. बसून बसून पोट पुढे आलेलं, आणि वर रक्तात साखर.

लोणावळ्याच्या फलाटावर गाडी लागली तेव्हा भाऊ सवयीने आधी मागच्या टोकाला गेले. बँकरवर विठ्ठल होता, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "भाऊ, आज डब्यात का? आधी बोलला असता तर येक इंजिन जास्ती आणलं असतं की!"

भाऊ पोट धरून हसले. तिरुचिरापल्लीला मात्र त्याच पोटाने दगा दिला. गावाच्या मधोमध एक उंच कातळ आहे, त्यावर गणपतीचं देऊळ. कातळातच पायऱ्या खोदलेल्या. अर्ध्यावर भाऊंना धाप लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ते एका खांबाला टेकून बसले. रतनबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पदर खोचला आणि वर गेल्या. खाली आल्या त्या प्रसादाचा द्रोण घेऊन.

"वर काय दिसतं?" भाऊंनी विचारलं.

"समदं गाव दिसतं. मोटी नदी दिसती. मदी बेट हाये, न् नदी दोनी अंगांनी जाती. लय ग्वाड दिसतं."

"कंची नदी?"

"मला काय ठावं? रेल्वेत तुमी व्हता, मी न्हाई."

भाऊंनी द्रोण हातात घेतला. प्रसाद खाल्ला, पण मन लागेना. ज्या गावाच्या गाड्या आपण आयुष्यभर रेटल्या, त्या गावात बसलोय आणि समोरून कोणती नदी वाहते ते माहीत नाही! पाय वर गेले नाहीत ते एक असो, डोकंही खालीच राहिलं होतं. परतीच्या गाडीत त्यांनी एका सहप्रवाशाला विचारलं तेव्हा कळलं की ती कावेरी.

घरी आल्यावर त्यांनी सुनेपुढे विषय काढला. प्रेरणा तळेगावला शाळेत शिकवते. ती म्हणाली, "बाबा, मुक्त विद्यापीठात भूगोल घेऊन बीए करा की. वयाची अट नाही. अभ्यासकेंद्र लोणावळ्यातच आहे, आणि वर्ग फक्त रविवारी."

मुलगा संदेश जेवता जेवता हसला. "बाबा, या वयात डिग्री घेऊन नोकरीला कुठं लागणार?"

"नोकरी कोन मागतंय? कावेरी बगितली न् वळखली न्हाई, त्याची लाज वाटती मला."

त्याच आठवड्यात प्रवेश झाला. त्याच आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारातून पांढरे बूटही आले. भाऊंचा स्वभावच तसा; डबा जोडायचा ठरला की सगळी गाडी जोडून मोकळं व्हायचं. पहाटे उठून ते दुधिवऱ्याच्या खिंडीच्या चढाला लागत. आल्यावर प्राणायाम, मग पुस्तक, दुपारी शेत, संध्याकाळी पुन्हा चालणं, आणि जेवणानंतर पुढच्या सहलीचे नकाशे. चढाला जोर येतोय असं वाटताच त्यांनी पावसाळ्यात होणाऱ्या एका धावण्याच्या शर्यतीतही नाव घातलं. मुंबईहून मोटारी घेऊन येणारी पोरं पळतात, तर आपण काय घोडं मारलंय?

शर्यत लांबच राहिली. सरावातच एका सकाळी उतारावर गुडघा कटकन वाजला आणि दुपारपर्यंत भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सक्तीने बसवून ठेवलं. भाऊ पडवीत पाय लांब करून बसले. अभ्यासाचा चांगला मोका होता, पण त्यांचं चित्त पुस्तकात नव्हतं. समोरच्या रस्त्यावरून चालत जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा त्यांना राग येत होता.

"मला काय जमायचं न्हाई," ते पुटपुटले. "पुस्तक धरावं तर पाय राहत्यात, पाय धरावं तर पुस्तक."

रतनबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "मी येक इचारू का? आपन भात, हरबरा न् उनाळी मूग येकाच पावसात पेरतो का?"

"न्हाई."

"का बरं?"

"ज्याचा त्याचा हंगाम असतो."

"मग तुमी का समदं येकाच दिसात पेराया निघाला?"

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. इतकी वर्षं शेत हिनेच का सांभाळलं ते त्यांना त्या क्षणी नीट कळलं. त्यांनी भिंतीवरचं दिवसाचं वेळापत्रक काढून टाकलं. लावणी उरकली की मावळातला पाऊस माणसाला घराबाहेर पडू देत नाही, तेव्हा अभ्यास. भात कापून घरात आलं की हिवाळ्यात प्रवास. उन्हाळ्यात परीक्षा. चालणं मात्र बारमाही, पण मीठ टाकावं इतकंच; चवीपुरतं. हे जमलं. म्हणजे बऱ्यापैकी जमलं. अधूनमधून भाऊ गुपचूप खिंडीच्या वरपर्यंत जाऊन येत आणि रतनबाई बुटांवरचा चिखल बघून सगळं ओळखत.

रविवारच्या वर्गात सगळ्यांत थोरले भाऊच. त्यांच्या शेजारी बसायची सुषमा. ही वरच्या ठाकरवाडीतली, अंगणवाडीत मदतनीस. तिची पोरं मोठी झाली, आणि आपलं शिक्षण अर्धवट राहिलंय हे तिच्या मनाला लागलं. ती वाडीवरून उतरून यायची, भाऊ औंढ्याहून चालत यायचे, आणि सरांच्या आधी दोघेही वर्गात हजर. इंजिनावर भाऊंना सह्या आणि आकडे यापलीकडे लिहायची वेळ आली नव्हती. एक वाक्य लिहायचे, दोन खोडायचे.

"भाऊ, तुमी लिवता कमी न् पुसता जास्ती," सुषमा म्हणायची. "पर्शन सुटायच्या आत घंटा वाजल की वो!"

"चूक गेली तर?"

"जाऊ द्या. पुडं व्हा. गाडी का माघारी घेत्यात?"

"आमची घ्यायचे," भाऊ म्हणाले, आणि दोघंही हसायला लागली.

दुसऱ्या वर्षी सरांनी क्षेत्रभेट काढली. कुरवंड्याहून नागफणीचा डोंगर चढायचा, वरून घाटाचे कडे आणि दऱ्या बघायच्या आणि अहवाल लिहायचा. चढ सुरू झाला तेव्हा भाऊंनी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळल्या. तो देवळाचा खांब त्यांना आठवला. त्यांनी घाई केली नाही. आपल्या चालीने, मधे मधे थांबत, गुडघ्याशी बोलत ते चढले. कॉलेजची दोन मुलं वाटेत बसली होती, त्यांच्या पुढूनही गेले. शेवटचा खडक सुषमाने हात देऊन पार करवला आणि भाऊ माथ्यावर उभे राहिले.

खाली सगळा बोरघाट पसरला होता. महामार्ग चमकत होता आणि पलीकडच्या डोंगराच्या अंगाला रेल्वेचे रूळ चिकटलेले. एक गाडी बोगद्यातून बाहेर आली, वळली आणि पुढच्या बोगद्यात शिरली. भाऊंनी तो घाट आयुष्यभर आतून पाहिला होता. समोर डबा, पुढे अंधार, मग क्षणभर उजेड. तो असा डोंगराच्या कडेकडेने, इतका नाजूक चढत असेल याची त्यांना कल्पनाच नव्हती.

"केदारी, कड्यांचा उतार लिहून घेताय ना?" सरांनी विचारलं.

"घेतो सर. पर आदी जरा बगू द्या," भाऊ म्हणाले. पंचा काढून त्यांनी घाम पुसला आणि डोळेही पुसले. मग वही उघडली.

त्या हिवाळ्यात पुतण्याचं लग्न निघाल्याने प्रवास हुकला. मग भाऊंनीच घाई केली. परीक्षा दरवर्षी मेच्या अखेरीला असते, म्हणून त्यांनी मेच्या सुरुवातीचा पुरीचा पास काढला. रतनबाईंची धाकटी बहीण चिमाबाई टाकव्याला असते, तिलाही तिकीट काढून बरोबर घेतलं. सगळं ठरलं आणि परीक्षेचं वेळापत्रक आलं. परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात!

"रद्द करतो," भाऊ म्हणाले.

"काय रद्द करता?" रतनबाईंनी विचारलं.

"परीक्षा. पुडच्या साली दिऊ. तुला जगन्नाथाला न्यायचं कबूल केलंय मी."

रतनबाईंनी पास उचलून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "तुमी परीक्षेला बसा. आमी दोगी जातो."

"दोगी? तुला हिंदी येती का?"

"तुमाला तरी त्या तिरचापल्लीत काय येत व्हतं? हाताच्या खुनांनी इडली मागितलीच ना?"

संदेश आणि प्रेरणा त्यांना गाडीत बसवून आले. औंढ्याची बाई नवऱ्याशिवाय समुद्रापार निघाल्यासारखी गावात चर्चा झाली. रतनबाईंशिवाय भाऊंना घरात एकटं वाटू लागलं. सकाळी भाकरी थापायचे, तिचा आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा यायचा, तीच खाऊन पेपरला जायचे. सून आयतं वाढायला तयार होती, पण आता त्यांनाही इरेला पडल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या पेपरच्या सकाळी फोन वाजला. पलीकडून रतनबाई जवळजवळ ओरडतच होत्या.

"अवो! हितं सूर्य समुद्रातनं वर येतो! आपन अलिबागला बगितला तवा बुडाला व्हता ना, हितं उगवतो!"

"पूर्व किनारा हाय तो. बंगालचा उपसागर."

"ते आसंल. पर पायाखालची वाळू लाट वडून नेती न् वाटतं, आपनच पाठी चाललोय. चिमी तर माजा हात सोडंना. भाऊजी कसं हायेत म्हनती."

"मी बरा हाय. तू... तू बगून घे नीट."

फोन ठेवल्यावर भाऊ नुसतेच हसत बसले. त्या दिवशी पेपरात किनाऱ्यांवर प्रश्न नव्हता, मृदांवर होता. पण भाऊंचा हात काही थांबला नाही. त्यांनी खोडलं कमी, लिहिलं जास्ती, आणि घंटेच्या आत शेवटचा प्रश्न संपवला. बाहेर सुषमा वाट बघत उभी होती. दोघांनी कोपऱ्यावर गरम वडापाव खाल्ला. साखरेच्या माणसाने चहा बिनसाखरेचा घेतला, एवढं पथ्य पाळलं.

निकाल लागला तेव्हा भात पोटरीत आलं होतं. भूगोलात भाऊ छान पास झाले, इंग्रजीत मात्र आपटले. सुषमा सगळ्यात पास. भाऊंनी पेढे दोघांचे मिळून वाटले. "इंग्रजी तेवडं राहिलं," ते ज्याला त्याला सांगत, जणू एखादा वांग्यांचा वाफा खुरपायचा राहिलाय. पुढच्या उन्हाळ्यात तेही निघालं, काठावर का होईना, आणि मग तिसरं वर्ष सुरू झालं.

मधल्या काळात घरातली एक गोष्ट बदलली. पुरीहून आलेल्या रतनबाईंना आता सहलीचं ठिकाण निवडायचं होतं. भाऊंनी नकाशा पसरला तर त्यांनी त्यावर बोट ठेवलं ते थेट आसामवर. कुणीतरी गाडीत सांगितलं होतं की तिथली नदी इतकी रुंद आहे की पलीकडचा काठ दिसत नाही. चिमाबाई येणारच होती. रतनबाईंनी सुषमालाही विचारलं. ती पुण्याच्या पुढे आगगाडीने कधी गेलीच नव्हती.

या हिवाळ्यात, भात मळून झाल्यावर, चौघं निघाली. लोणावळ्याहून पुण्याला, पुण्याहून लांबच्या गाडीत. डब्यात शिरताच पहिली तक्रार जागेची. खालचे बर्थ दोनच, मधला एक आणि एक सगळ्यात वरचा.

"माजी कंबर दुकती," चिमाबाई म्हणाली.

"मला खिडकी पायजे," सुषमा म्हणाली, आणि बसलीसुद्धा.

रतनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "वर तुमीच जा. समद्यांत तब्बेत तुमचीच बरी."

भाऊंनी बूट काढले. शिडीला हात घातला आणि कुणाचा आधार न घेता सरसर वर चढून आडवे झाले. पिशवीतून तिसऱ्या वर्षाचं पुस्तक काढून उशाशी ठेवलं. खाली तिघींनी चिवड्याचा डबा उघडला होता आणि त्यांच्या गप्पांना तोंड फुटलं होतं.

"भाऊ, ब्रह्मपुत्रा कुठनं येती वो?" सुषमाने वरती मान करून विचारलं.

भाऊंनी पुस्तक बाजूला सारलं, कोपरावर रेलले आणि घसा खाकरला. "सांगतो. पर आदी मूठभर चिवडा वर द्या."