मऊ म्हणायचं नाही

आमच्या कारखान्यातले मामा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खिशातून लोहचुंबक काढायचे. पाण्याचा तांब्या समोर आला की त्याला लावायचे, चहाच्या ट्रेला लावायचे, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायचे, "चिकटत न्हाई. ह्येची डिस्क व्हनार न्हाई." जणू यजमानांनी तांब्याची डिस्क करून घ्यायलाच यांना बोलावलं होतं!

चिकटलं, की मात्र चेहरा फुलायचा. "चिकटलं! आपलं!"

कोरेगावला माझ्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले होते. पाहुणे मामांच्या गल्लीतले, म्हणून मामाही त्यांच्यासोबत जीपमधून आले. मुलगी पोहे घेऊन आली. मामांनी डिशला चुंबक लावलं आणि ओरडले, "चिकटलं! आपलं!" मुलाच्या वडिलांना वाटलं, मामांनी पसंती देऊन टाकली. आता नाही कसं म्हणायचं? त्यांनीही मान डोलावली. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय, आणि त्या डिशा अजून मावशीकडे आहेत.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं पात्र असेलच. आमचं पात्र माधवनगरच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये भट्टी सांभाळायचं. तिथं आम्ही दुचाकीच्या ब्रेकच्या डिस्क करतो. डिस्क म्हणजे पुढच्या चाकावर ती भोकाभोकांची चकती दिसते ना, ती. मामा ती भट्टीत लाल करून, थंड प्लेटांमध्ये दाबून कडक करायचे. मग बऱ्याच डिस्क एकावर एक रचून, बोल्टनं आवळून पुन्हा भाजायचे, म्हणजे त्या सपाट राहतात. नंतर ती किती कडक झाली हे मी मशीनवर तपासायचे. मशीनवर बत्तीस ते अडतीसच्या मधला आकडा यायला हवा. कमी आला तर डिस्क खडूसारखी झिजते, फार वर गेला तर तडकायची भीती. मामांचा आवडता आकडा पस्तीस. पस्तीस आला की ते माझ्या टेबलावर एक लिमलेटची गोळी ठेवायचे. मला लिमलेट आवडत नाही, हे त्यांना मी नऊ वर्षं सांगत होते.

भट्टीपाशी एक नियम होता. तिथं 'मऊ' हा शब्द उच्चारायचा नाही. का, तर भट्टी ऐकते! प्रेसवरचा रफीक पहिल्याच दिवशी डबा उघडून म्हणाला, "आईनं इडल्या लय मऊ केल्यात." मामांनी त्याला डब्यासकट गेटबाहेर नेऊन बसवलं. "थितं काय बी म्हन गड्या. हितं न्हाई." तेव्हापासून आमच्याकडे इडल्या 'हलक्या' असायच्या, भाकरी 'ताजी' असायची, आणि मॅनेजरच्या नव्या बाळाचे गाल 'गुबगुबीत' होते. मला हा निव्वळ वेडेपणा वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचे. पण 'मऊ' मीही म्हणत नव्हते. उगाच कशाला?

एका दिवाळीत मी दुपारी जागेवर आले, तर माझ्या मशीनमध्ये डिंकाचा लाडू! मामींनी केलेला. मामांना तो किती कडक झालाय हे आकड्यात हवं होतं. मी "अहो मामा!" म्हणेपर्यंत त्यांनी हँडल ओढलं. लाडू फुटला, एक तुकडा मालकांच्या चष्म्यावर गेला आणि मशीनला आठवडाभर साजूक तुपाचा वास येत राहिला. मामांचा प्रश्न एकच, "आकडा किती आला वं मॅडम?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी उरलेले लाडू खाल्ले. दाढ दुखली, पण चव होती.

वाकड्या निघालेल्या डिस्क मामा मालकांना विचारून घरी न्यायचे. त्यांच्या गल्लीत एकही घर असं नव्हतं की जिथं आमची डिस्क नव्हती. कुठं लोणच्याच्या बरणीवर, कुठं दुधाच्या पातेल्याखाली. मामींनी एक तुळशीपाशी उभी केली होती आणि तिला रोज कुंकू लावायच्या. समोरच्या रिटायर हवालदारांनी तर ती दोरीला टांगून घंटा केली होती, घरच्यांना जेवायला बोलवायला.

आणि मग ते प्रकरण झालं. एका मोठ्या दुचाकी कंपनीचं काम मिळायच्या बेतात होतं. त्यांचा इंजिनिअर येऊन आमची भट्टी बघणार होता. मालकांनी स्वच्छ सांगून टाकलं, भट्टी पास झाली तर ठेवू, नाही तर विकून टाकू आणि डिस्क पुण्याहून कडक करून आणू. मामांनी फक्त भट्टीच्या दारावरची धूळ आपल्या रुमालानं पुसली.

इंजिनिअर यायच्या दोन दिवस आधी मामांनी नव्या आलेल्या स्टीलच्या प्लेटमधून कापलेल्या डिस्क भट्टीत घातल्या. त्याच दिवशी मी खुर्चीसाठी नवी उशी आणली होती. बसले आणि सहज तोंडातून गेलं, "आहाहा, किती मऊ आहे!"

रफीकनं कपाळावर हात मारला. संध्याकाळी डिस्क माझ्याकडे आल्या, तर मशीनवर आकडाच येईना. लोण्यासारख्या! एकूण एक!

"मॅडम, तुमची उशी!" मामा म्हणाले. त्यांनी उशी दोन बोटांत धरून गेटबाहेर नेऊन ठेवली. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच भट्टीत पाणी ओतलं. मग माझंही डोकं फिरलं. "उशीनं डिस्क मऊ होत नसते!" मी ओरडले. "अगागा, परत म्हनल्या," रफीक पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी प्लेटचा तुकडा स्कूटरवर टाकून सांगलीच्या लॅबमध्ये नेला. दुपारी रिपोर्ट आला. प्लेट स्टेनलेसचीच, पण वेगळ्या जातीची. तिच्यात कार्बन नावालाच. अशा स्टीलला चुंबक चिकटतं, पण शंभरदा भट्टीतून काढलं तरी ते कडक होत नाही. आणि ही प्लेट लॅबला न पाठवता आम्ही घेतली होती, कारण घाई होती आणि मामा म्हणाले होते, "चिकटलं! आपलं!" खाली सही माझी होती, हेही सांगून टाकते.

मामांनी रिपोर्ट दोनदा वाचून घेतला. मग त्या मऊ डिस्कला चुंबक लावलं. टक्कन चिकटलं. "चिकटतंय की वं," ते एवढंच म्हणाले, आणि असे एवढेसे झालेले मामा मी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी मालकांना फोन लावला. "साहेब, चूक उशीची न्हाई. माझी हाय."

नवी प्लेट यायला चार दिवस लागणार होते, इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येणार होता. भट्टीची चाचणी द्यायला खरी प्लेट आणायची कुठून? तेवढ्यात मलाच आठवलं. गल्लीतल्या डिस्क! त्या वाकड्या होत्या, पण स्टील लॅबनं तपासलेलं, योग्य जातीचं होतं; पुन्हा लाल करून दाबलं, की आधीचा कडकपणा पुसून सगळं नव्यानं करता येतं. आणि त्या काही गाडीला लागणार नव्हत्या, आमच्या भट्टीला काय जमतं ते दाखवायच्या होत्या.

लगेच आम्ही दारोदार फिरलो. बरणीवरची मी नाकारली, मिठानं तिला खड्डे पडले होते. एक काकू पातेलं उचलेनात, दूध तापत होतं म्हणून. हवालदार म्हणाले, "लेखी ऑर्डर आणा." मी वहीचं पान फाडून तिथंच ऑर्डर लिहिली, तेव्हा कुठं घंटा उतरली. अशा सात जमल्या.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. भट्टीत घालायच्या आधी त्यानं एक डिस्क हातात घेऊन भोकात बोट फिरवलं. बोट लाल. "हे काय आहे?"

मालकांनी डोळे मिटले. रंग म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. मामा म्हणाले, "कुंकू हाय साहेब. आमची मंडळी रोज लावत्यात." आणि मग सगळंच सांगितलं. चुंबक, चुकलेली प्लेट, तुळस, घंटा, काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. मी मनात म्हटलं, संपलं. गेली भट्टी.

इंजिनिअर म्हणाला, "घाला."

मामांनी घातल्या. लाल केल्या, दाबल्या, आवळून पुन्हा भाजल्या. निवल्यावर मी एकेक मशीनवर ठेवली. पस्तीस. छत्तीस. पस्तीस. काचेवर ठेवून बघितल्या, तर एकही डुगडुगेना, सगळ्या सपाट. इंजिनिअरनं मामांना विचारलं, "पुन्हा चुकीची प्लेट आली तर कशी ओळखणार?"

"पेरायच्या आधी मूठभर बी भिजवून उगवण बघतो न्हवं आमी? तसं. दर प्लेटीचा तुकडा आधी भट्टीत जानार. लॅबचा कागद बी लागंल. चुंबकाचं निस्तं ऐकून घ्यायचं."

भट्टी राहिली. त्या दिवशी माझ्या टेबलावर सात लिमलेटच्या गोळ्या होत्या, छत्तीसची धरून. उशी मात्र शेवटपर्यंत गेटबाहेर, वॉचमनच्या खुर्चीवरच राहिली.

गेल्या श्रावणात मामा गेले. रविवारी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मंगळवारी आम्ही सगळे भट्टीपाशी जमलो. आत डिस्क होत्या. भट्टी बंद ठेवलेली मामांना चालली नसती. मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोला." मला भाषण येत नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मामा वरून कडक होते, पण मनानं फार मऊ होते."

म्हणून गेले आणि जीभ चावली. वीसजण माझ्याकडे नाही, भट्टीकडे बघत होते.

त्या डिस्क निवून माझ्या टेबलावर आल्या तेव्हा सगळी शेड भोवती उभी होती. पहिली ठेवली. पस्तीस. दुसरी पस्तीस. तिसरी चौतीस. मी सगळ्या तपासल्या. एकूण एक कडक.

कुणालाच आनंद झाला नाही. मग रफीक भट्टीकडे गेला आणि डोळे पुसत म्हणाला, "एक तरी मऊ निघाया पायजे हुती."

भट्टीच्या दारात उभा राहून म्हणाला. आणि त्याला गेटबाहेर न्यायला कुणी आलं नाही.