म्हात्रे मॅडमची शंका

कॉलेजात रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये एक उंच, सावळ्या बाई दुधाचं पातेलं नाकाशी धरून उभ्या होत्या. मी नमस्कार करून म्हटलं, "मी देशमुख. वनस्पतिशास्त्र शिकवायला आलोय."

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं चेष्टा करताहेत, पण त्या उत्तराची वाट पाहत होत्या. मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, "ते झाड कुठलं?" मी म्हटलं, शिरीष. मान हलवून त्या वर्गावर गेल्या. दुपारी ग्रंथपालांनी हसत सांगितलं की मॅडम येऊन झाडांच्या पुस्तकात शिरीष बघून गेल्या.

कुंदा म्हात्रे मूळच्या जवळच्या शेलार गावच्या, आगरी घरातल्या. भिवंडीतल्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असे, पण एखादी गोष्ट मनाला लागली की गावची बोली वर यायची. देशभरातल्या रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांची एक संस्था होती, तिच्या त्या सभासद होत्या आणि दरवर्षी तिच्या अधिवेशनाला जायच्या. आमच्या प्राचार्यांना संशय होता की बाई फिरायला जातात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सर, इथं मी फळ्यावर काहीबी लिहिलं तरी पोरं उतरवून घेतात. तिथं मी चुकले तर चारचौघांत धरणारी माणसं हायत. धरणारं कुणी नसलं की माणूस कुजतो." संस्थेवरही त्यांचा पुरता विश्वास नव्हताच. मोठमोठे लोक एकमेकांना हार घालतात आणि आम्ही मागं बसून टाळ्या वाजवतो, असंही त्या म्हणत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं गावात पोलिओच्या डोसांवरून वाईट होती. डोस पाजल्यावर पुढं मुलंच होत नाहीत, अशी कुजबुज पॉवरलूमच्या वस्त्यांत फिरत होती. अशात कॉलेजमागच्या वस्तीतल्या रफीकभाईंच्या मुलीचा, शबनमचा, पाय पोलिओनं लुळा पडला. रफीकभाई लूमवर कामाला होते. प्रत्येक खेपेला त्यांनी मुलीला डोस पाजले होते. त्यामुळं आता वस्तीनं डोसवाल्यांना दारं लावून घेतली. लोकांना समजावायला आरोग्य खात्याच्या साहेबांनी म्हात्रे मॅडमना बोलावलं. मीही बरोबर गेलो.

साहेब रफीकभाईंच्या दारातच म्हणाले, "एखादा डोस चुकवला असणार यांनी."

रफीकभाई शांतपणे म्हणाले, "हर बार पिलाया, मॅडम. पूरा मोहल्ला गवाह है. फिर भी हुआ. अब आप बोलो, दवा झूठी या मैं झूठा?"

मॅडमनी रफीकभाईंच्या बायकोला नाना प्रश्न विचारले. डोस कुठं दिला, मूल तेव्हा आजारी होतं का, जुलाब होत होते का, पाणी कुठून भरता. पोलीस विचारतात तसं. त्या बाईला राग येत होता, तरी तिनं उत्तरं दिली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत न्हाय. पण असं का झालं ते मलाबी ठाऊक न्हाय. विचारून येते."

बाहेर पडल्यावर साहेब भडकले. "ठाऊक नाही असं सांगायला तुम्हाला आणलं होतं का?"

मॅडम म्हणाल्या, "मग दुसरं काय सांगू?"

त्या वर्षीच्या अधिवेशनात एका मोठ्या शास्त्रज्ञांच्या भाषणानंतर त्यांनी उभं राहून तोच प्रश्न विचारला. सगळे डोस घेतलेल्या मुलीला पोलिओ होतो कसा? अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं की तुम्ही लसविरोधी मंडळींपैकी आहात का, तुम्हाला कुणी पाठवलं. परत आल्यावर मला हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. "संशय घ्यायलाच पाहिजे त्यांनी," त्या म्हणाल्या. "मीबी घेतला असता."

पण चहाच्या वेळी संस्थेतल्या एक वयस्क संशोधक बाई आपणहून त्यांच्याजवळ आल्या. प्रश्न खरा आहे, म्हणाल्या. दाट वस्तीत, घाण पाण्यामुळं मुलांच्या आतड्यांत आधीच इतके जंतू ठाण मांडून असतात की डोसातल्या लसीला तिथं पाय रोवायला जागाच मिळत नाही. म्हणून काही मुलांना कितीही डोस दिले तरी ते लागू पडत नाहीत. यावर आमच्यात वाद चाललेत, पण तुमच्या गावासारख्या गावात आमच्यापैकी किती जण जाऊन आले असतील, कोण जाणे. मॅडम म्हणाल्या, "मग या." त्या बाईंनी संस्थेत विषय लावून धरला आणि काही महिन्यांनी संस्थेतर्फे त्या स्वतः एका तरुण सहकाऱ्याला घेऊन भिवंडीला आल्या. मॅडमना सभेपर्यंत खात्री होती की ही मंडळी फोटो काढून परत जातील.

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पाहुण्या बाईंनी आतड्यांची गोष्ट सोप्या हिंदीत सांगितली, आणि अजून काय कळलेलं नाही तेही सांगितलं. रफीकभाई मागून उठले. "आपने अपने बच्चों को पिलाया?"

"पिलाया," बाई म्हणाल्या. "लेकिन मेरे घर का पानी साफ है. इसलिए मेरे बच्चों की मिसाल आपके काम की नहीं."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मग रफीकभाई म्हणाले, धाकट्या मुलाला डोस देईन, पण म्हात्रे मॅडमनी माझ्यासमोर बाटली तपासली पाहिजे. मॅडम पहिल्यांदाच त्यांच्याकडं कौतुकानं बघत होत्या.

पुढच्या फेरीला वस्तीच्या तोंडाशी टेबल लागलं. डोसाच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात फिकट चौकोन. औषध तापून खराब होत जाईल तसा तो चौकोन काळवंडत जातो. मॅडमनी बाटली डोळ्यांजवळ धरली, मग दुसरी, तिसरी. सगळे चौकोन काळवंडले होते. खोकं कुठंतरी उन्हात राहिलं असावं. साहेब त्यांच्या कानाशी लागले, "मॅडम, किती महिन्यांनी दारं उघडलीत. आज परत पाठवलं तर पुन्हा उघडणार नाहीत. पाजल्यानं अपाय तर काही होणार नाही."

समोर बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, मॅडम साहेबांचं ऐकणार. मग त्यांनी बाटली रफीकभाईंच्या हातात दिली, चौकोन दाखवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ये खराब है. आज किसी को मत पिलाना."

गर्दी पांगली. साहेबांनी डोक्याला हात लावला. मॅडम टेबलाशी बसून राहिल्या. मलाही वाटलं की सगळं संपलं.

दुपारी नवं खोकं आलं. वस्तीत सामसूम होती. मग रफीकभाई एकटेच धाकट्याला घेऊन आले. त्यांनी स्वतः बाटली उजेडात धरून बघितली आणि मुलाचं तोंड उघडलं. मागं वळून दारांआडून बघणाऱ्यांना म्हणाले, "जो अपना माल खुद खराब बोले, उसी का माल लेना चाहिए." हळूहळू बाया बाहेर आल्या. सगळ्या नाही आल्या. काही दारं त्या दिवशीही बंदच राहिली.

मॅडमनी हे सगळं पुढच्या अधिवेशनात मांडलं. दाट वस्त्यांतल्या मुलांच्या आतड्यांवर संस्थेनं वेगळी चर्चा ठेवली, आणि भिवंडीला आलेला तो तरुण सहकारी पुढं त्याच कामाला लागला. तो मॅडमना फोन करून निष्कर्ष सांगायचा. त्या म्हणायच्या, "पुन्हा करून बघ."

काही वर्षांनी मॅडमना कॅन्सर झाला आणि त्यातच त्या गेल्या. कॉलेजात शोकसभा झाली. तो तरुण संशोधकही आला होता. मॅडमनी माझ्या एकाही कामाची स्तुती केली नाही, म्हणून त्यातलं काही अजून टिकून आहे, असं तो म्हणाला. प्राचार्य बोलले, मीही बोललो.

शेवटी रफीकभाईंच्या शेजारी बसलेली शबनम पायाला लावलेल्या आधाराच्या पट्ट्या सावरत उभी राहिली. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल.

"सगळे मला सांगायचे, पाय बरा होईल," ती म्हणाली. "डॉक्टर, मौलाना, अब्बूसुद्धा. मॅडमनी एकदापण नाही सांगितलं. म्हणून मी फक्त त्यांनाच विचारायची."

रफीकभाई खाली बघत राहिले. ती बसली.