न्हाणीघरावरचा गुलाब

झाडांना माणसांसारखं वागवणारे लोक मी पुष्कळ पाहिले. माणसांना झाडांसारखं वागवणारा एकच पाहिला, माझ्या बायकोचा मामा. आमच्या लग्नात त्यांनी मला मांडवातच आपादमस्तक न्याहाळलं, दंड चाचपला आणि शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांना सांगितलं, "खुंट बरा आहे. कलम धरेल का, ते सांगता येत नाही."

पुढे आणीबाणी उठली त्या वर्षी माझी बदली लखनौला, अमौसीच्या विमानतळावर झाली आणि मामांच्या अलीगंजमधल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड लागलं. मामा मूळ सांगलीचे, लखनौच्या एका संशोधन संस्थेत कीटकशास्त्रज्ञ. दिवसभर सरकारी पगारावर किडे मारायचे आणि घरी आले की गुलाबावरचा मावा कापसाच्या बोळ्याने, तान्ह्या मुलाचं नाक पुसावं तसा, हळूच टिपायचे. गुलाबही सगळे जुन्या जातीचे. नर्सरीत मिळणाऱ्या उंच देठाच्या नव्या गुलाबांचं नाव काढलं तरी त्यांचं तोंड आंबट व्हायचं. "वास नाही, काही नाही. तो गुलाब आहे की लग्नपत्रिका?" लखनौच्या जेठात लू, ती भाजून काढणारी गरम वाऱ्याची झळ, सुटली की घरातला एकुलता एक कूलर ओसरीवरून वाफ्यांकडे तोंड करून लागे आणि वाळ्याचे पडदे खिडक्यांऐवजी झाडांना. आम्ही आत बटाट्यांसारखे उकडत असू. एकदा माझे साहेब जेवायला आले, तर मामांनी त्यांना हात धुवायला नेऊन थेट एका आळ्यात उभं केलं. "यहीं धो लीजिए. साबुन मत लगाइएगा." साहेबांनी मुकाट्याने धुतले. त्या वर्षी माझी बढती हुकली. त्या झाडाला मात्र कळ्या बऱ्या आल्या.

या सगळ्या बागेत मामींचं म्हणावं असं एकच झाड होतं. एका पडक्या बंगल्याच्या कुंपणावरून त्यांनी त्याची काडी तोडली होती आणि ओल्या रुमालात गुंडाळून पर्समधून आणली होती. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. वेल न्हाणीघराच्या भिंतीवरून छपरावर चढली. वाढ अशी की विचारू नका, पण फूल नाही. मामा दर दसऱ्याला सगळ्या गुलाबांबरोबर तिचीही छाटणी करत आणि म्हणत, "रानटी आहे. उपटून टाकू." मामी म्हणत, "राहू दे हो. तुमच्यासारखंच आहे ते. नुसतं वाढतं, बोलत नाही." दर मार्चला त्या सकाळच्या चहाचा कप घेऊन न्हाणीघराशी उभ्या राहत, मान वर करून शोधत आणि आत येऊन सांगत, "यंदाही पानंच." असे पाच मार्च गेले. सहावा यायच्या आधी, पावसाळ्याच्या शेवटी, मामी तापाने गेल्या. चार दिवसांचं दुखणं.

त्या दसऱ्याला मामांनी कात्री हातात धरली नाही. आणि मार्चमध्ये न्हाणीघराचं छप्पर दिसेनासं झालं. सायीच्या रंगाची, आत किंचित पिवळसर, बोराएवढ्या कळ्यांची फुलं, घोसच्या घोस. वास थेट गल्लीच्या तोंडापर्यंत. शेजारचे वकीलसाहेब कुंपणाशी येऊन म्हणाले, "अमां साहब, ये तो भाभीजी की दुआ है." माझी बायको रडत म्हणाली, "मामा, मामी आली हो." मामा वेताच्या खुर्चीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. "मूर्खासारखं बोलू नकोस," ते म्हणाले, आणि दिवसभर तिथून उठले नाहीत. आम्हाला वाटलं, दुःख आहे. माणूस कसंही बोलतो.

पुढची काही वर्षं तसंच चाललं. दसऱ्याला मामा बाकीचे गुलाब छाटत, ही वेल सोडून. मार्चमध्ये ती फुलली की ऑफिसला सुट्टी टाकून खुर्चीत बसत. मामा निवृत्त झाले, गुडघ्यांनी संप केला आणि एका ऑक्टोबरात त्यांच्या छातीत पाणी झालं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "दिल बहुत थक गया है. ज़्यादा उम्मीद मत रखिए." आत आलो तर मामा छताकडे पाहत होते. "काय म्हणाला, ते सांगू नका," ते म्हणाले. "मला मार्चपर्यंत पोचायचंय, जावईबापू. ती वेल एकदा बघितली की झालं. पुढचं तुम्ही बघा." मग उशीखालून त्यांनी चार कागद काढले: कुठला गुलाब कुठे कापायचा, फांदीवरच्या डोळ्याच्या किती वर, काप कुठल्या बाजूला तिरपा. वेलीबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मला सांगितलेलं काम मी कधी धड करत नाही, पण न सांगितलेलं अंगावर घेऊन करतो. अमीनाबादेतून मी नवी कोरी कात्री आणली, चारही कागद पाठ केले आणि दसऱ्याला सगळी बाग छाटली. मग नजर न्हाणीघरावर गेली. मनात आलं, बिचाऱ्यांना गुडघ्यांमुळे शिडी चढवत नाही, म्हणून हिच्याकडे दुर्लक्ष झालंय. मार्चमध्ये दुप्पट फुलेल, मामा खूश होतील. एक अख्खा रविवार मी छपरावर घालवला. हातभर लांबीच्या आठ-दहा खुंटांपलीकडे काही ठेवलं नाही. वकीलसाहेब खालून म्हणाले, "वाह भाई, क्या हजामत बनाई है." मी छपरावरून आदाबही केला.

मामांना घरी आणलं ते टॅक्सीने. मी मुद्दाम त्यांना आधी मागच्या अंगणात नेलं. ते खुर्चीत बसले, वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"काप चांगले घेतलेत," ते म्हणाले. "प्रत्येक काप डोळ्याच्या वर. तिरपा."

इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं माझं ते पहिलं कौतुक.

"मार्चमध्ये बघा मामा, कशी फुलते," मी म्हणालो.

"नाही फुलणार. हिला जुन्या लाकडावर फूल येतं. गेल्या वर्षीच्या फांदीवर. दसऱ्याला फांदी गेली की मार्च गेला."

मग ध्यानात आलं आणि बोलून गेलो, "म्हणजे मामी..."

"पाच वर्षं," मामा म्हणाले. "ती कप घेऊन उभी राहायची आणि मी म्हणायचो, रानटी आहे. माणूस किडे शिकला, लाकूड शिकला नाही. ती गेल्यावर कात्री धरवली नाही, तेव्हा कळलं. हे कुणाला सांगणार?"

मी खाली बसलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, खुंट हलतोय का बघावं तसा. "तुम्ही एकच मार्च कापलात, जावईबापू. माझ्यापेक्षा चार कमी."

डॉक्टरांना खोटं पाडून मामा मार्चपर्यंत पोचले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते वेलीखाली बसत. नव्या फांद्या जोरात आल्या होत्या, कोवळी तांबूस पालवी छपरावर पसरली होती. "यंदाही पानंच," ते म्हणत, आणि मला वाटे, जमीन दुभंगावी. एकदा मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "पानं चांगली आहेत हो."

जेठात लू सुटली तेव्हा आम्ही कूलर त्यांच्या पलंगाकडे वळवला. त्यांनी तो परत वाफ्यांकडे वळवायला लावला. त्याच आठवड्यात, भरदुपारी, ते गेले.

पुढच्या मार्चमध्ये छप्पर पुन्हा दिसेनासं झालं. बायको म्हणाली, "मामांच्या फोटोला थोडी फुलं काढा ना." मी शिडी लावली, वर गेलो आणि तसाच खाली आलो. मग तिनेच फोटो बाहेर नेला आणि वेलीखाली त्यांच्या खुर्चीवर टेकवून ठेवला. फोटोतही मामा नाराजच होते. संध्याकाळी फोटो आत आणायला गेलो, तर खुर्चीची सारी बैठक पाकळ्यांनी भरली होती. फोटो उचलला, खुर्ची झटकायला हात पुढे केला.

मग मागे घेतला.